उजवीकडं की डावीकडं

"हात तू ठिव, प्रश्न म्या इचारतो," रांगेत बलभीम पोराला म्हणाला. "धारा काढून काढून माझ्या हाताला मुंग्या येत्यात. दगड उगीच हलायचा."

रणधीरनं मान डोलावली. त्याला नेमकं हेच हवं होतं.

तुळजापूरच्या देवळातला चिंतामणी म्हणजे एक गोल, गुळगुळीत दगड. त्यावर दोन्ही तळहात ठेवायचे, मनात प्रश्न धरायचा. दगड उजवीकडं फिरला की होकार, डावीकडं फिरला की नकार. बारावीनंतर काय, या विषयावर जिल्ह्यात मार्गदर्शन शिबिरं पुष्कळ होतात. इतकं स्वच्छ उत्तर तिथं कुणी देत नाही.

रणधीर बारावी पास झाला होता. फार नव्हे, पेढे वाटण्यापुरता. भूमजवळच्या त्याच्या गावातून एवढ्या गुणांची पोरं पुण्याला जातात, एका खोलीत सहाजण राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करतात, आणि काही वर्षांनी तयारी पुढं चालू ठेवतात. बलभीम महिनाभर पाहुण्यारावळ्यांत पुण्याचंच बोलत होता. मेहुण्याकरवी त्यानं खोलीही बघून ठेवली होती. शेवटचा शब्द तेवढा देवीचा.

रणधीरला जायचं नव्हतं. घरी म्हशी होत्या, मागच्या दारी खव्याची भट्टी होती. कढईत दूध आटत आलं, वास बदलला, की त्याला जगात सगळं ठीक चाललंय असं वाटे. पण हे बापाला सांगायचं कसं? 'म्या शेणात हात घातले ते तू बी घालावं म्हणून व्हय?' असं बाप म्हणेल, याची त्याला खात्री होती. ही खात्री त्यानं बापाला न विचारताच करून घेतली होती.

मग त्यानं आठवडाभर पालथ्या पातेल्यावर सराव केला. मनगट हलू न देता, नुसत्या बोटांच्या दाबानं पातेलं डावीकडं फिरवायचं. बारावीच्या प्रात्यक्षिकालाही त्यानं एवढे कष्ट घेतले नव्हते.

त्यांचा नंबर आला.

"प्रश्न कुणाचा?" पुजाऱ्यानं विचारलं.

"माझा," बलभीम म्हणाला.

"आणि हात?"

"पोराचे. घर एकच हाय, महाराज."

मागं रांग होती, त्यामुळं पुजाऱ्यानं यात शास्त्र काढलं नाही.

रणधीरनं तळहात टेकवले. बलभीमनं हात जोडून डोळे मिटले. त्याचे ओठ हलत राहिले.

"किती येळ?" शेजारी उभी त्याची आई, तुळजाबाई, पोराच्या कानाशी पुटपुटली. "एक गोष्ट इचारायची, तर किती पाल्हाळ."

"आई, गप की."

त्यानं बोटं दाबली. दगड डावीकडं फिरला. पातेल्यापेक्षा सोपा गेला.

बलभीमनं डोळे उघडले. "डावीकडं?"

"डावीकडं, आण्णा."

बलभीम दगडाकडं बघत राहिला. त्याचा चेहरा एवढासा झाला.

"आणिक एकदा इचारा की," तुळजाबाई म्हणाली.

"न्हाय. एकदा इचारलं की इचारलं. देवी काय चौकशीच्या खिडकीत बसलीय व्हय?"

बाहेर तिघं भजी खायला बसले. रणधीरनं दुसरी प्लेट मागवली. आता एक म्हैस वाढवावी, भट्टीवर पत्रा टाकावा, असं त्याच्या मनात चाललं होतं. बापानं मात्र भज्याला हात लावला नव्हता. रणधीरला त्याची दया आली.

"वाईट वाटून घिऊ नका, आण्णा. देवीच्या मनात नव्हतं, त्याला आपण काय करणार?"

"ते बी खरंच."

"तिचा शब्द मोडायचा नसतो."

"न्हाय मोडत, बाबा," बलभीम टॉवेलनं डोळे पुसत म्हणाला. "लोकात मोठेपणा म्हणून पुण्याचं बोलत हुतो, पर तिला म्या इचारलं, ह्याला माझ्याजवळ भट्टीवर ठिवून घिऊ का. न्हाय म्हणली. आता उद्याच्या पुण्याच्या गाडीनं निघ."