नऊवरचा काटा

मुनव्वरने मेन स्विच खाली ओढला. एसी थांबला, फ्रिज थांबला, आणि बॅटरीवर चालणाऱ्या रेडिओचा गोंगाट मोजणारा काटा नऊवरून एकवर उतरला.

"घरातच आहे," तो म्हणाला.

"काय?" त्याची बायको शहरबानू टॉर्च धरून पॅसेजमध्ये उभी होती.

"गोंगाट. इमारतीचा नाही, रस्त्याचा नाही. आपलाच."



कुवेतमध्ये फिंतासमधल्या त्या चौथ्या मजल्यावर गेले पाच आठवडे हौशी रेडिओच्या वीस मीटरच्या पट्ट्यावर एकसुरी खरखर भरून राहिली होती. मुनव्वरने तीस वर्षे कारखान्यात मोजमापाची यंत्रे दुरुस्त केली होती. 'आपोआप' या शब्दावर त्याचा विश्वास नव्हता. हृदयाच्या ऑपरेशननंतर तो रजेवर होता. इमारतीच्या रखवालदाराला, हारिसला, सांगून त्याने गच्चीवरची अँटेनाची तार भिंतीपासून दूर हलवून घेतली, केबलला गोंगाट अडवणाऱ्या फेराइटच्या कड्या चढवल्या. काटा ढळला नाही. काल डॉक्टरांनी छाती तपासून सगळे ठीक असल्याचे सांगितले, आणि आज, शुक्रवारी, त्याने स्वतः शोधायला घेतले.

ऐकायचे होते ते एवढेच: दर शुक्रवारी कुवेतच्या पाच वाजता त्याचा थोरला भाऊ झहूर हर्णैहून मोर्समध्ये आपले संकेतनाव तीनदा पाठवी आणि गप्प होई. वडिलांच्या घरावरून दोघे अकरा वर्षे बोलले नव्हते. झहूर ते कोणाला उद्देशून पाठवत नसे. मुनव्वरकडे उत्तर द्यायला ट्रान्समीटर नव्हता. पण गोंगाट नसताना अकरा वर्षांत एक शुक्रवार चुकला नव्हता.

"एक फोन करा, साकिबचे अब्बा. बोटं झिजणार नाहीत," असे शहरबानू दर शुक्रवारी म्हणे.

"त्याने करावा. थोरला तो आहे."

अलीकडे ती म्हणायची थांबली होती. ऑपरेशनमुळे असेल, असे त्याने धरले होते.

गेल्या वर्षी धुळीच्या वादळात काटा असाच चढला होता. तेव्हा तिने विचारले होते, "आज झहूरभाई आलेच नाहीत का?"

"'आले नाहीत' असं म्हणता येत नाही. गोंगाटाखाली ऐकू आलं नाही, एवढंच म्हणता येतं." तिने मान डोलावली होती.

सगळे ब्रेकर पाडून त्याने मेन स्विच वर केला आणि ते एकेक करून चढवले. बेडरूम: एक. हॉल: एक. किचन: नऊ.

"आधी चहा घ्या," शहरबानू म्हणाली. "दमलात."

"पाचला बारा मिनिटं आहेत, बानू."

छोटा ट्रान्झिस्टर कानाशी धरून तो किचनभर फिरला. फ्रिज नाही. मायक्रोवेव्ह नाही. वरच्या कपाटापाशी ट्रान्झिस्टर किंचाळला. पिठाच्या डब्यामागे, चिमणीसाठी ठेवलेल्या सॉकेटमध्ये एक काळा अडॅप्टर होता. त्याची वायर कशालाच जोडलेली नव्हती.

अडॅप्टर ओळखीचा होता. दोन वर्षांपूर्वी हाच खरखर करतो म्हणून त्याने तो काढून तिच्या हातात दिला होता.

"हा फेकायला सांगितला होता ना?"

"राहिला."

"राहिला, आणि चालत जाऊन सॉकेटमध्ये बसला." तो कोरडे हसला. अडॅप्टर उपटून घेऊन तो रेडिओपाशी परतला.

काटा एकवर होता. पट्टा धुतल्यासारखा स्वच्छ. दूरचे कोणी रशियन, कोणी इटालियन, मुंबईचाही एक जण ठळक ऐकू येत होता. त्याने झहूरची जागा लावली.

पाच वाजले. पाच वाजून पाच मिनिटे झाली. मग दहा.

"तार ठीक आहे," तो म्हणाला. "मुंबई येते म्हणजे हर्णै यायलाच हवं. गोंगाट तर उरलाच नाही." त्याने काटा पुन्हा पाहिला. "मग आता काय म्हणायचं?"

शहरबानू त्याच्या शेजारी बसली. त्याच्या मुठीतला अडॅप्टर तिने सोडवून घेतला.

"हा मी लावला होता," ती म्हणाली. "झहूरभाई गेले, त्या संध्याकाळी."