खरी तारीख

दार उघडलं, पण उलट्या बाजूला. खोलीत जायचं सोडून बाहेर पॅसेजमध्ये आलं आणि निम्मी वाट अडवून बसलं. उद्या इथून रुग्णाची खाट न्यायची म्हटलं तर दाराशी कुस्तीच खेळावी लागेल. सुपरवायझर बाईंनी कपाळावर हात मारला. सकाळपासूनचं हे तिसरं उलटं दार, आणि तेही कुणी बसवलेलं? सुतारकाकांनी, ज्यांचा हात जन्मात कधी चुकला नव्हता.

सोमवारी या नव्या दवाखान्यात रुग्ण हलवायचे होते. जुनी इमारत पाडायला मशिनं येऊन उभी होती. दारं झाली नाहीत तर आजारी माणसं उघड्यावर पडणार आणि बाईंची नोकरीही जाणार. तारीख अगदी दगडावरची रेघ.

पण विश्वास कोण ठेवतो? बाईंनी आजवर प्रत्येक कामाला चार दिवस हातचे राखूनच तारीख सांगितलेली. माणसं काही दुधखुळी नव्हती. ती मनातल्या मनात चार दिवस मिळवायची आणि निवांत बिडी पेटवायची. या वेळी बाई कानीकपाळी ओरडत होत्या, तरी कुणी ढिम्म हलेना. मग त्यांनी साप्ताहिक सुट्टी बंद केली, रोज उशिरापर्यंत थांबवून ठेवलं. माणसं हजर, पण हात चालेनात. पेंटर शिडीवरच पेंगत होता. सुतारकाकांना लेकीकडे नात झालेली. तिला बघायला त्यांनी दोनदा सुट्टी मागितली आणि दोन्ही वेळा बाईंनी त्यांना उडवून लावलं होतं.

काका आले, दार पाहिलं आणि ओशाळले. आत्ता फिरवून बसवतो म्हणाले. डोळे तांबारलेले, आणि पेचकस काही केल्या स्क्रूच्या खाचेत बसेना. बाईंनी त्यांच्या हातातून पेचकस काढून घेतला.

"राहू द्या ते. घरी जाऊन झोपा. उद्या नातीला बघून या. परवा सकाळी कामावर."

शिडीवरच्या पेंटरचा ब्रश हवेतच थांबला. काकांचा चेहरा उतरला. कामावरून काढताय का, त्यांनी हळूच विचारलं.

"मला काय वेड लागलंय? दमलेला माणूस एक दार तीनदा बसवतो, काका. मला एकदाच बसवणारा हवाय."

मग बाईंनी सगळ्यांनाच सांगून टाकलं की आजपासून काम दिवस मावळला की बंद, आणि सुट्टीही पहिल्यासारखी. सोमवार काही पुढे सरकणार नव्हता. पण एकदा ठरवलं म्हणजे ठरवलं.

काकांनी हात धुतले, धुतलेला शर्ट चढवला आणि निघाले. फाटकापाशी गवंडी चहा घेत पाय पसरून बसले होते. त्यांनी लगेच चेष्टा सुरू केली. बाईंवर काय जादू केलीत म्हणे! एकानं तर निकालच दिला, की तारीख पुढे गेलेली दिसते, आता घाई कसली?

काका थबकले. खोट्या तारखांच्या वेळी बाईंनी कुणाला तासभरसुद्धा मोकळं सोडलं नव्हतं; आज मात्र काम एकदाच नीट व्हावं म्हणून त्या स्वतःहून घरी पाठवत होत्या. त्यांनी एकदा मागे वळून इमारतीकडे पाहिलं.

"चहा संपवा आणि उठा रे," ते म्हणाले, "या खेपेला तारीख खरी आहे."