गार जेली

साथीमुळे गरोदर बायकांची तपासणी बंद होऊन दोन महिने झाले होते. परिचारिका रिकाम्या कक्षात बसून साऱ्यांची विचारपूस फोनवरूनच करी.

"ताई, कालपासून बाळ हललंच नाही हो." आठवा महिना लागलेल्या त्या बाईचा आवाज कापत होता.

"झोपाळू असेल, बापावर गेलं असेल," परिचारिकेने उसने हसू आणले. "रुग्णवाहिका पाठवलीय. तोवर डाव्या कुशीवर पड आणि फोन ठेवू नकोस."

तेवढ्यात पडद्यामागून बाळाचे ठोके ऐकू येऊ लागले, भरभर आणि स्पष्ट. पडद्यामागच्या ठोके ऐकायच्या यंत्राची वायर तिने दोन महिन्यांपूर्वी स्वतःच काढून कपाटात ठेवली होती.

"अगं बाई, आलं ऐकू!" फोनवरची बाई रडता रडता हसली. "पण ताई, पोटावर जेली किती गार लावलीत! एरवी तळहातावर कोमट करून लावता ना?"

पडदा सारण्यासाठी परिचारिकेने टेबलावर टेकलेला हात उचलला.

ठोके थांबले.

"ताई," फोनवरून घाबरा आवाज आला, "हात का काढलात?"