आदल्या दिवशीचं गाजर

रोशनी पंधरा दिवसांसाठी पुण्याला आली होती आणि तिचा गेको, म्हणजे पाळलेली ठिपक्यांची पाल, नागपुरात बाबांच्या गळ्यात पडला होता. रोज सकाळी पंचशील म्हणणारे, मुंगीही न मारणारे बाबा त्याला जिवंत रातकिडे कसे घालणार, या काळजीनं तिनं फोन लावला. "घालून राहिलो ना, बारीक बारीक निवडून," बाबा म्हणाले. "पयल्या दिवशी डबा उघडून तसाच लावून ठेवला. पण तू फ्रिजवर लिहून ठेवलं होतं, रातकिड्यायले आदल्या दिवशी गाजर खाऊ घाला. मंग मले समजलं, माही पोरगी मरनाऱ्यालेबी उपाशी धाडत नाही." खरं तर किड्यांनी खाल्लेल्या गाजराचं सत्त्व गेकोच्या पोटात जावं, एवढाच त्यामागचा हेतू होता. पण ते न सांगता रोशनी म्हणाली, "बाबा, किड्यायच्या डब्यात ओला कापूसबी ठेवत जा. त्यायले तहान लागत असन."