फुली

“अगं बाई, चुकलंच!” सिस्टरांनी सलाइनच्या पंपावरून बोट चटका बसल्यासारखं मागे घेतलं. दशांशाच्या टिंबाचं बटण नीट दाबलं गेलं नव्हतं. अडीचऐवजी पंचवीसचा आकडा पडला होता.

नळीच्या टोकाला पेशंट नव्हता, बादली होती. यंत्रं माणसांच्या हाताला सोयीची आहेत का, हे तपासायला आम्ही विद्यापीठात शिकतो. चाचणी चालू असताना विद्यार्थ्याने बोलायचं नसतं, म्हणून मी पंपाच्या चित्रात त्या बटणावर गुपचूप फुली मारली. शेवटी मी ठरलेलं वाक्य म्हणाले, “परीक्षा तुमची नव्हती, यंत्राची होती.”

सिस्टर कसनुसं हसल्या. “चौदा वर्षांपूर्वी असाच पंप, हीच चूक. पेशंट वाचला. पण मी वॉर्ड सोडला, स्टोअरची ड्यूटी मागून घेतली. आज म्हटलं, बघू, हात सुधारलाय का.”

निकाल दाखवायची आम्हाला परवानगी नसते. मी चित्र त्यांच्यापुढे सरकवलं. चाचणीला आलेल्या अकराच्या अकरा सिस्टरांच्या फुल्या एकाच बटणावर पडून तिथे काळा डाग झाला होता.

“यातली माझी कुठली?”

“आता ओळखू येत नाही, सिस्टर.”

त्या पहिल्यांदाच खुर्चीला टेकून बसल्या.