घट

"पोत काढ," म्हणत केशवरावांनी बायकोपुढे हात पसरला.

नागपूरच्या दागिन्यांच्या वार्षिक प्रदर्शनात, सोने तपासायच्या यंत्रापुढे तिघे उभे होते. यंत्र घेऊ म्हणून धनंजय आईवडिलांना पवनीहून घेऊन आला होता. आता गिऱ्हाईक शब्दावर थांबत नाही, मशीनचा आकडा मागते, असे त्याचे म्हणणे. केशवरावांना तो अपमान वाटे.

जुना दागिना आटवून नवा घडवताना थोडे सोने कमी होतेच. ती घट. सोनार ती गिऱ्हाइकाच्या सोन्यातून कापतो. केशवरावांनी कधीच कापली नाही. सुरुवातीला वजन कमी भरले की ते पाटावरून तसेच उठत आणि न जेवता झोपत. पुढे हात बसला, असे ते सांगत. तुळसाबाई दुकान झाडून धूळ आणून देत, ते ती आटवत, आणि तूट भरून निघे. कधी कणभर जास्तच. पवनीत त्यांचे नाव झाले ते यावरच.

"आधी मशीनलेच तपासू," ते पोराला म्हणाले होते. पोतीतले मणी त्यांनी लग्नाआधी स्वतः घडवलेले. त्याहून खात्रीचे सोने त्यांना ठाऊक नव्हते.

तुळसाबाईंनी पदर गळ्याशी धरला. "सवाशीण बाई पोत काढते का कधी? राहू द्या ना."

"घडीभर तं काढ. मी काही मरून नाही राहिलो."

धनंजय हसला. तुळसाबाईंनी पोत काढली, पण नवऱ्याच्या हातात दिली नाही. टेबलावर ठेवली.

स्टॉलवरच्या मुलीने झाकण लावले. पडद्याकडे पाहिले. मणी फिरवून पुन्हा ठेवले. मग आवाज उतरवून म्हणाली, "काका, हे पितळ आहे. वरून मुलामा दिलाय."

मशीनच बिघडली असेल, असे धनंजय म्हणू लागला. केशवरावांनी पोत तळहातावर घेतली. वजनावरूनच कळले. रस्त्यातल्या बाईच्या गळ्यातले सोने ते लांबून ओळखत. या गळ्याकडे त्यांनी कित्येक वर्षांत पाहिले नव्हते.

"काहून विकले?" त्यांनी हळूच विचारले. "मले सांगतलं असतं."

"विकले नाही जी." तुळसाबाई खाली पाहत होत्या. "दुकान झाडलं का धुळीत एकेक टाकत गेली. घट आली का तुम्ही जेवत नव्हते."