दोन अभ्रे

वायरमनने मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हच्या पेटीतली बटणं दाबून मशीन थांबण्याची वेळ आठ सेकंदांवरून पन्नास केली आणि पेटीचं दार लावलं.

लॉन्ड्रीतलं हे मशीन धुतलेले कपडे पिळायचं. ब्रेक लागला की त्याचा जड ड्रम आपली ताकद उलटी ड्राइव्हकडे पाठवायचा आणि एक रेझिस्टर ती जाळून टाकायचा. काल रेझिस्टर स्वतःच जळाला. तेव्हापासून मशीन थांबवलं की ड्राइव्ह जिवाला घाबरून ट्रिप व्हायचा, म्हणजे आपोआप बंद पडायचा आणि भोंगा बोंबलायचा. नवा रेझिस्टर यायला आठ दिवस होते. सावकाश थांबवलं, तर ट्रिपची भानगड नव्हती.

"गेला बाबा भोंगा," मॅनेजरसाहेब म्हणाले. "सकाळपासून डोकं उठवलं होतं त्यानं."

ड्राइव्ह वाचला होता. वायरमनचं लक्ष मशीनवरच्या ताईकडे होतं. ताई त्याची सख्खी थोरली बहीण. अकरा वर्षं तिची रीत एकच: लाल बटण दाबायचं, शेजारच्या टेबलावरच्या उशांच्या दोन अभ्र्यांच्या घड्या घालायच्या, झाकण उघडायचं, हात घालायचा. दोन घड्यांत आठ सेकंद बरोबर जात. पत्र्याच्या झाकणातून आतलं दिसत नसे आणि चार मशीनच्या गोंगाटात एकाचा आवाज वेगळा कळत नसे. ड्रम फिरताना झाकण अडवून धरणारं कुलूप मागेच मोडलं होतं. साहेबांच्या सांगण्यावरून वायरमननेच तिथे तार जोडून, कुलूप नसतानाही मशीन चालेल असं काम भागवलं होतं.

"ताई, आजपासून चांगलं मिनिटभर थांबायचं. घड्या मोजू नकोस."

"मी कुठे मोजते?" ताई हसली. "हातच मोजतात. त्यांना सांग."

वायरमन मॅनेजरसाहेबांकडे वळला.

"साहेब, रेझिस्टर येईपर्यंत मशीन बंद ठेवू या."

"आणि ओल्या चादरी तुझ्या डोक्यावर वाळवू? अरे, ड्रम फिरतोय एवढं माणसाला कळत नाही? सहा वर्षं काढलीत मी या मशीनवर."

ते खरं होतं. साहेब दर मीटिंगच्या सुरुवातीला ते सांगत. वेळ उरला तर शेवटीही.

"सरक गं ताई, दाखवतोच याला."

साहेबांनी मशीन चालू केलं, ड्रमला पुरता वेग घेऊ दिला आणि लाल बटण दाबलं.

"काम करायचं नसलं ना," ते वायरमनकडे वळून म्हणाले, "की माणसाला जिकडेतिकडे धोके दिसतात." बोलता बोलता त्यांचे हात टेबलाकडे गेले. एक अभ्रा उचलला, घडी घातली. दुसरा उचलला. "आमच्या वेळी असली थेरं नव्हती," म्हणत तोही ठेवला, झाकण उघडलं आणि हात आत घातला.

वायरमनने दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं.

बोटांखाली वीतभर अंतरावर ड्रम घोंघावत होता. त्याच्या वाऱ्याने साहेबांची बाही फडफडत होती. तिघंही बघत राहिले. तो थांबायला फार वेळ लागला.

साहेबांनी मनगट सोडवून घेतलं. पाचही बोटं उघडून, मिटून पाहिली. मग हात खिशात घातला.

"माझी सवय मोडलीय, म्हणून झालं असं," ते म्हणाले. "ताईचा हात रोजचा आहे. चालू दे."